पुढच्या दाताचे इम्प्लांट: दात काढण्याआधीपासून करायचे नियोजन

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर पुढे कॅप चढते. पुढच्या दाताच्या इम्प्लांटमध्ये होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ उलट्या क्रमात असते. दुखतो किंवा हलतो म्हणून दात आधी काढून टाकला जातो, काही महिन्यांनी उरलेल्या हाडात जिथे जागा सापडेल तिथे स्क्रू बसवला जातो, आणि सर्वांत शेवटी लॅबमधल्या तंत्रज्ञाला सांगितले जाते की आता यावर शेजारच्या दातासारखा हुबेहूब दात बनवून द्या. तोपर्यंत तंत्रज्ञाच्या हातात फारसे काही उरलेले नसते. दाढेच्या बाबतीत हा क्रम कसाबसा निभावून जातो; वरच्या पटाशीच्या दातांच्या बाबतीत तो हसताक्षणी उघडा पडतो.

शेवटी दात कसा दिसणार हे आधी ठरवावे, त्या दाताभोवती हिरडीची कड कुठे हवी हे त्यावरून काढावे, ती कड तिथे टिकण्यासाठी हाड किती आणि कुठे लागेल हे मग पाहावे, आणि स्क्रूची जागा सर्वांत शेवटी निश्चित करावी. पुढील टप्पे वरच्या जबड्यातला एक किंवा काही पुढचे दात गेलेल्या, अथवा जाऊ घातलेल्या, प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. शस्त्रक्रिया अर्थातच दंतवैद्य करणार. मात्र कुठल्या टप्प्यावर काय विचारायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे रुग्णालाही ठाऊक असले पाहिजे.

टप्पा १: दात काढण्याची घाई थांबवणे

वरच्या पुढच्या दातांच्या मुळांवर ओठाच्या बाजूने हाडाची जी भिंत असते, ती बहुतेक लोकांत १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. या भिंतीचा मोठा भाग दाताच्या आधारानेच जगतो. दात निघाला की तिचे प्रयोजन संपते आणि ती विरघळू लागते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हा बदल सर्वाधिक होतो. हाड आत गेले की त्यावरची हिरडीही मागे आणि वर जाते. आरशात जो खळगा दिसतो तो हाच, आणि तो भरून काढणे हे तो होऊ न देण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

म्हणून जोवर तीव्र संसर्ग, सूज किंवा असह्य वेदना नाही, तोवर दात काढण्याची तारीख ही संपूर्ण आराखडा तयार झाल्यावरच ठरवावी. दात तुटला असला तरी मूळ जागेवर असेल, तर ते मूळ काही आठवडे तसेच ठेवणे अनेकदा फायद्याचे ठरते. काही रुग्णांत तर हेच मूळ दातांच्या तारांनी हळूहळू खाली ओढून घेतले जाते. त्याबरोबर हाड आणि हिरडीही खाली येतात, आणि मग दात काढला की गमावण्यासाठी थोडा साठा हाताशी असतो. ज्या दाताची हिरडी आधीच शेजारच्यापेक्षा वर सरकली आहे, त्याच्यासाठी हा मार्ग आहे का, हे आवर्जून विचारावे.

आणखी एक प्रश्न याच टप्प्यावर सुटला पाहिजे: दात खरोखरच वाचण्यासारखा नाही का? मुळाला उभी चीर गेली असेल तर उत्तर बहुधा सरळ असते. पण हिरडीच्या पातळीवर तुटलेला दात नव्याने रूट कॅनाल आणि पोस्ट (मुळात बसवलेली आधाराची दांडी) करून उभा राहू शकत असेल, तर त्याने आणखी काही वर्षे दिली तरी ती कमी समजू नयेत.

इशारा: दात काढावाच लागला, तर तो फोडून, ओठाच्या बाजूला रेटून काढू नये. पुढची पातळ भिंत याच क्षणी तुटते. मूळ आवश्यक तर तुकडे करून, भिंतीला धक्का न लावता काढण्याविषयी आधी बोलून घ्यावे.

टप्पा २: वय, आजार आणि सवयी

नैसर्गिक दात हाडाशी तंतूंच्या पातळ पट्ट्याने जोडलेला असतो आणि चेहरा वाढतो तसा तोही खाली उतरत राहतो. इम्प्लांट हाडाला थेट चिकटते, त्यामुळे ते जिथे बसवले तिथेच राहते. वाढत्या वयात बसवलेले इम्प्लांट काही वर्षांनी शेजारच्या दातांपेक्षा वर अडकल्यासारखे दिसते. वाढ थांबली आहे हे केवळ वय सांगून ठरत नाही. मुलींत साधारण सतरा-अठरा आणि मुलांत वीस-एकवीस वर्षांपर्यंत थांबावे, आणि तरीही सहा महिने ते एक वर्षाच्या अंतराने घेतलेले एक्स-रे ताडून पाहावेत. प्रौढांतही हा फरक अतिशय मंद गतीने वाढू शकतो, हे मान्य करूनच पुढे जावे.

मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ताजी हवी. हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे, रक्त पातळ ठेवणारी औषधे, जबड्याला पूर्वी दिलेले रेडिएशन, या गोष्टी पहिल्याच भेटीत सांगाव्यात. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही औषधे अचानक थांबवण्याचा धोका इम्प्लांट न टिकण्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

धूम्रपान आणि तंबाखू यांमुळे हाड जुळण्यावर परिणाम होतोच, पण पुढच्या दातांत त्याहून आधी फटका बसतो तो हिरडीच्या कलमाला, म्हणजे दुसरीकडून घेऊन लावलेल्या हिरडीच्या तुकड्याला. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी आणि नंतर निदान दोन-तीन महिने ते पूर्ण बंद ठेवता येत नसेल, तर दिसण्याबाबतच्या अपेक्षा आधीच खाली आणाव्यात. रात्री दात खाण्याची सवय, आणि खालचे दात वरच्या दातांच्या मागे खोलवर जाऊन बसणारा चावा, यांचीही नोंद इथेच व्हावी, कारण त्यावर कॅपचे साहित्य आणि स्क्रूची दिशा अवलंबून असते.

टप्पा ३: हसू, हिरडी आणि शेजारी यांची नोंद

हसा म्हटले की माणूस ओठ आवरून हसतो, विशेषतः पुढचा दात खराब असलेला माणूस. त्याला ती सवयच लागलेली असते. त्या छायाचित्रावरून हिरडी दिसत नाही असा निष्कर्ष काढला, तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून स्थिर छायाचित्रांबरोबर एक-दोन मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि त्यात रुग्णाला काहीतरी सांगत, बोलत, खरोखर हसू द्यावे. ओठ सर्वांत वर जातो त्या क्षणी हिरडी किती दिसते, ही नोंद महत्त्वाची. दाताच्या वरची हिरडी पट्टीसारखी स्पष्ट दिसत असेल, तर चुकीला जवळजवळ वाव नाही. ओठ दातांच्या मध्यावरच थांबत असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर हिरडीची जात पाहावी. मोजपट्टीसारख्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या खाचेत अलगद घातली आणि तिची करडी छटा हिरडीतून आरपार दिसली, तर हिरडी पातळ. अशा हिरड्यांत दात बहुधा लांबट त्रिकोणी असतात, त्यांच्यामधली हिरडीची टोके उंच आणि नाजूक असतात, आणि जरा धक्का लागला की ती आखडतात. जाड हिरडीत दात चौकोनी, टोके बुटकी आणि एकूण प्रकरण सोशिक असते. पातळ हिरडी असलेल्या रुग्णाला टाळूतून घेतलेल्या हिरडीच्या कलमाची गरज पडेल, असे गृहीत धरूनच आराखडा करावा.

हिरडीच्या कडांची पातळीही लिहून ठेवावी. दोन्ही मधल्या दातांच्या कडा एकाच उंचीवर असाव्यात, सुळ्यांच्या त्यांच्याशी साधारण समान, आणि बाजूच्या लहान दातांच्या त्यांपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर खाली.

शेजारच्या दातांवर जुने रंग उडालेले फिलिंग, झिजलेली कड किंवा वेडीवाकडी ठेवण असेल, तर तिचे काय करायचे ते आताच ठरवावे. दात पांढरे करून घ्यायचे असतील, तर ते इम्प्लांटच्या कॅपचा रंग जुळवण्याआधी करावे आणि नंतर किमान दोन आठवडे रंग स्थिरावू द्यावा. कॅपचा रंग मागाहून बदलता येत नाही.

पडताळणी: छायाचित्रे विश्रांतीत, पूर्ण हसताना आणि ओठ बाजूला ओढून, अशी तिन्ही प्रकारची आहेत का? हिरडीतून रक्त येते का? येत असेल तर आधी हिरड्यांचे उपचार करावेत आणि बाकी सगळे त्यानंतर घ्यावे.

टप्पा ४: शेवटचा दात सर्वांत आधी बनवणे

दोन्ही जबड्यांचे स्कॅन किंवा माप घेऊन त्यावर भावी दात मेणात अथवा संगणकावर उभा करावा. त्यावरून साचा काढून तात्पुरत्या साहित्याने तोच दात तोंडात चढवून पाहता येतो. दात अजून जागेवर असेल तर त्याच्यावरच, नसेल तर खळग्यावर. या तालमीला अर्धा तास लागतो, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला सर्वाधिक वसूल होणारा अर्धा तास हाच असतो.

तालमीचा दात तोंडात असताना रुग्णाने आरशासमोर बसून न राहता उभे राहून बोलावे. 'फ' आणि 'व' असलेली वाक्ये बोलताना वरच्या दाताची कड खालच्या ओठाच्या ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर हलकेच टेकली पाहिजे. ती ओठात रुतत असेल तर दात लांब किंवा पुढे आहे. घरच्या माणसाला सोबत न्यावे, कारण रुग्ण स्वतःचा चेहरा नेहमी आरशात उलटा पाहत आलेला असतो.

इथेच एक कटू गोष्ट उघड होते. दात योग्य लांबीचा केला आणि त्याच्या वर हिरडीऐवजी रिकामी जागा दिसली, तर तेवढी हिरडी आणि हाड कमी आहे. हा आकडा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावा. तो भरून काढायचा की दात लांब दिसणे स्वीकारायचे की कॅपच्या वरच्या भागाला गुलाबी पोर्सेलिन लावायचे, हा निर्णय शस्त्रक्रियेआधीचा आहे.

टप्पा ५: सीबीसीटी स्कॅन आणि तो वाचण्याची रीत

साधा एक्स-रे उंची दाखवतो, जाडी दाखवत नाही. पुढच्या दातांत प्रश्न जाडीचा असतो. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, लागतो. तो काढताना ओठ आणि गाल कापसाच्या गुंडाळ्यांनी किंवा प्लास्टिकच्या साधनाने दातांपासून दूर ठेवायला सांगावे. एवढी साधी गोष्ट केली की हिरडीची जाडीही चित्रात वेगळी दिसते; न केल्यास ओठ आणि हिरडी यांचा एकच राखाडी पट्टा होतो.

टप्पा ४ मध्ये ठरवलेला दात या स्कॅनवर चढवून पाहिल्याशिवाय स्कॅनचा अर्थ लावू नये. नुसत्या स्कॅनमध्ये 'हाड भरपूर आहे' असे वाटते, आणि भावी दात वर ठेवताच लक्षात येते की ते हाड दातापेक्षा बरेच आत आहे. पुढील चार गोष्टी स्कॅनवर दाखवून मागाव्यात: ओठाकडची भिंत शाबूत आहे का आणि किती जाड आहे, मुळाच्या टोकापलीकडे आणि टाळूकडे स्क्रूला पकड मिळेल इतके हाड आहे का, मधल्या दातांच्या मागे असलेली नसेची नळी किती रुंद आहे, आणि शेजारच्या दातांना लागून असलेले हाड कोणत्या उंचीवर आहे.

चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते. दोन दातांमधली हिरडीची त्रिकोणी टोके इम्प्लांटच्या हाडावर उभी नसतात; ती शेजारच्या दाताला चिकटलेल्या हाडावर उभी असतात. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हे हाड ५ मिलिमीटरपर्यंत असेल, तर त्रिकोण जवळजवळ नेहमी भरतो. अंतर ६ मिलिमीटर झाले की तो निम्म्या वेळा भरतो आणि ७ झाले की चारात एकदाच. शेजारच्या दाताचे हाड घटून वर गेलेले असेल, तर इम्प्लांट कितीही अचूक बसले तरी काळा त्रिकोण राहणार. मग टेकण्याचा बिंदू वर नेऊन दात थोडा चौकोनी करणे, एवढाच उपाय उरतो.

टप्पा ६: केव्हा बसवायचे

वेळेचे चार पर्याय आहेत: दात काढला त्याच दिवशी, हिरडी भरून आल्यावर, म्हणजे ४ ते ८ आठवड्यांनी, हाड काही प्रमाणात भरल्यावर, म्हणजे १२ ते १६ आठवड्यांनी, आणि सहा महिन्यांनंतर.

'एका दिवसात दात' ही कल्पना आकर्षक असली, तरी ती निवडक रुग्णांसाठी आहे. ओठाकडची भिंत पूर्ण शाबूत हवी, हिरडी शक्यतो जाड हवी, पू नको, आणि टाळूच्या बाजूने स्क्रूला भक्कम पकड हवी. त्याच दिवशी तात्पुरती कॅपही चढवायची असेल, तर स्क्रू साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतक्या जोराने घट्ट बसला पाहिजे. स्क्रू दात निघालेल्या खळग्याच्या मध्यावर न बसवता टाळूच्या भिंतीला धरून बसवावा आणि त्याच्यापुढे राहिलेली फट, जी निदान २ मिलिमीटर असावी, सावकाश विरघळणाऱ्या बोन ग्राफ्टने, म्हणजे हाडाच्या भरावाने, भरावी. भिंतीला भोक असेल किंवा ती तुटली असेल, तर ४ ते ८ आठवडे थांबण्याचा पर्याय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तेवढ्यात हिरडी बंद होते, संसर्ग निवळतो, आणि हाड फार आत गेलेले नसते. इम्प्लांट बसवतानाच बाहेरून हाड वाढवता येते.

इशारा: आराखडा नसताना 'बघू, सहा महिन्यांनी ठरवू' असे म्हणून खळगा तसाच सोडणे, हा पाचवा पर्याय नव्हे. थांबायचेच असेल तर खळगा ग्राफ्टने राखून थांबावे.

टप्पा ७: स्क्रूची जागा, आकड्यांत

आता, आणि आताच, स्क्रूकडे यावे. भावी हिरडीच्या कडेपासून इम्प्लांटचा माथा ३ ते ४ मिलिमीटर खोल असावा. त्याहून उथळ राहिला, तर गोल बारीक स्क्रूतून रुंद दात एकदम फुटल्यासारखा दिसतो आणि धातूची छटाही जाणवते. फार खोल गेला, तर भोवतीचे हाड घटते आणि साफ न होणारी खाच तयार होते. शेजारच्या दातांच्या मुळांपासून निदान १.५ मिलिमीटर अंतर हवे, दोन इम्प्लांट लागून असतील तर त्यांच्यात ३ मिलिमीटर. ओठाच्या बाजूला, ग्राफ्ट धरून, सुमारे २ मिलिमीटर हाड राहिले पाहिजे. स्क्रूची दिशा अशी असावी की त्याचे तोंड दाताच्या पाठीमागे, टाळूकडच्या फुगवट्यावर निघेल.

या चारांत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्क्रू ओठाकडे झुकणे. कलम, महागडी कॅप, कुशल तंत्रज्ञ, काहीही तिची भरपाई करू शकत नाही. हिरडी वर सरकते, दात लांब दिसतो, आणि बहुधा इम्प्लांट काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

जाड इम्प्लांट अधिक मजबूत, हा समज इथे सोडून द्यावा. वरचा मधला दात साधारण ८.५ मिलिमीटर रुंद असतो, बाजूचा लहान दात ६.५ मिलिमीटरच्या आसपास. लहान दाताच्या जागेतून दोन्हीकडचे दीड-दीड मिलिमीटर वजा केले की उरतात साडेतीन. म्हणजे तिथे बारीक इम्प्लांटच हवे.

लागून दोन-तीन दात गेले असतील, तर प्रत्येक दातासाठी एक इम्प्लांट हा हिशेब मोडावा. दोन इम्प्लांटच्या मधल्या हाडावर हिरडी सरासरी ३ ते ४ मिलिमीटरच उभी राहते, नैसर्गिक दातांमधल्या टोकाइतकी उंच होत नाही. मधला आणि त्याला लागून असलेला लहान दात गेला असेल, तर मधल्या दाताच्या जागी एकच इम्प्लांट आणि त्याला जोडलेला दुसरा लोंबता दात, ही मांडणी अनेकदा अधिक चांगली दिसते. चारही पटाशीचे दात गेले असतील, तर दोन टोकांच्या लहान दातांच्या जागी दोन इम्प्लांट आणि त्यांवर चार दातांचा ब्रिज.

हे सर्व आकडे संगणकावरच्या आराखड्यातून तोंडात उतरवण्यासाठी सर्जिकल गाइड, म्हणजे दातांवर बसणारी छिद्रांकित पट्टी, वापरावी. ती दातांवर न हलता बसते का, हे भूल देण्याआधी तपासावे. हलणारी पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट, कारण ती चुकीवर विश्वास ठेवायला लावते.

टप्पा ८: मधल्या काळातला दात

हा टप्पा थोडक्यात संपतो, पण विसरला तर दात काढल्याच्या दिवशी धावपळ होते. मधल्या काळात काय घालायचे ते दात काढण्याआधी तयार हवे. शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला तात्पुरता दात सर्वांत चांगला. पारदर्शक पट्टीत बसवलेला दात त्याखालोखाल. काढघाल करायची एका दाताची कवळी स्वस्त आणि सोपी असते, पण ती ग्राफ्टवर दाबते. कोणताही पर्याय घेतला तरी जखमेवर दाब येता कामा नये. हिरडीवर त्याचा ठसा उमटलेला दिसला, तर त्याच दिवशी घासून घ्यावा.

टप्पा ९: हाड जुळण्याचा काळ

इम्प्लांट बसल्यावर पहिल्या दिवशी ते घट्ट असते ते केवळ आट्यांच्या पकडीमुळे. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ही पकड सैल होत जाते आणि नवे हाड अजून पुरेसे तयार झालेले नसते. नेमक्या याच वेळी वेदना थांबलेल्या असतात आणि रुग्ण निर्धास्त होतो. त्याच दिवशी कॅप चढवली असेल तर ती कोणत्याही चाव्यात, जबडा पुढे-बाजूला सरकवतानाही, खालच्या दातांना लागू नये, आणि निदान सहा ते आठ आठवडे पुढच्या दातांनी काहीही तोडून खाऊ नये.

पातळ हिरडीसाठी ठरवलेले कलम इम्प्लांट बसवताना किंवा हिरडीखाली झाकून ठेवलेले इम्प्लांट नंतर उघडताना करावे. अंतिम कॅप बसल्यावर हिरडी मागे गेली म्हणून कलम करणे शक्य असते, पण त्याचा भरवसा कमी.

टप्पा १०: तात्पुरत्या कॅपने हिरडीला वळण देणे

इम्प्लांटचा माथा गोल असतो, दाताची मान त्रिकोणी असते. गोलातून त्रिकोणाकडे नेण्याचे काम तात्पुरती कॅप करते आणि ते काम एका दिवसात होत नाही. इम्प्लांटमध्ये वेगळ्या छोट्या स्क्रूने बसणारी तात्पुरती कॅप चढवून दर एक-दोन आठवड्यांनी तिच्या मानेला थोडे साहित्य जोडत किंवा घासत हिरडीला आकार द्यावा लागतो. एकूण तीन ते सहा महिने लागू शकतात. नेमका हाच टप्पा घाईत गाळला जातो.

कॅप घट्ट करताना भोवतीची हिरडी दाबली जाऊन पांढरी पडते. ती पांढुरकी कड दहा-पंधरा मिनिटांत विरून पुन्हा गुलाबी झाली, तर दाब योग्य आहे. तशीच पांढरी राहिली, तर कॅप उतरवून घासली पाहिजे. 'सवय होईल' म्हणून घरी पाठवू नये आणि रुग्णानेही जाऊ नये.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. ओठाकडे मान फुगवली की हिरडी वर सरकते; तिथे मान सपाट किंवा आत घेतली की हिरडीला खाली यायला जागा मिळते. बाजूंना मात्र थोडा फुगवटा दिला, तर दातांमधले त्रिकोण दाबले जाऊन भरून येतात. त्यामुळे हिरडी शेजारच्यापेक्षा किंचित खाली असताना काम सुरू करणे हिताचे. वर ढकलणे सोपे, वर गेलेली खाली आणणे कठीण.

पडताळणी: महिनाभर काही न बदलता हिरडीची कड जिथल्या तिथे राहिली आहे का? छायाचित्रे समोरासमोर ठेवून पाहावे. कड अजून सरकत असेल, तर अंतिम माप घेऊ नये.

टप्पा ११: अंतिम माप, रंग आणि साहित्य

तात्पुरती कॅप काढली की घडवलेली हिरडी काही मिनिटांतच आत कोसळू लागते. नेहमीचे गोल साधन लावून माप घेतले, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत लॅबपर्यंत पोहोचतच नाही. तात्पुरत्या कॅपच्या मानेचा आकार मापाच्या साधनावर उतरवून मगच माप घ्यावे, किंवा कॅप तोंडाबाहेर सर्व बाजूंनी स्कॅन करून तो आकार जोडावा. 'माझ्या तात्पुरत्या कॅपच्या मानेची नक्कल घेतली का?' हा प्रश्न रुग्णाने विचारायलाच हवा.

रंग भेटीच्या सुरुवातीलाच घ्यावा. तोंड उघडे ठेवून दात सुकले की काही मिनिटांतच ते पांढरे दिसू लागतात, आणि त्या वेळी जुळवलेला रंग दुसऱ्या दिवशी चुनखडीसारखा उठून दिसतो. रंगपट्टीचा तुकडा दाताच्या समपातळीत धरून छायाचित्र काढावे. भडक लिपस्टिक पुसावी. शेजारच्या दातावरच्या बारीक रेषा, कडेची निळसर पारदर्शकता, मानेकडची पिवळसर झाक यांची नोंद रंगाच्या क्रमांकाइतकीच मोलाची. एकच मधला दात जुळवणे सर्वांत अवघड असते, म्हणून तंत्रज्ञाने रुग्णाला एकदा प्रत्यक्ष पाहणे उत्तम.

हिरडी २ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर करड्या टायटॅनियमची छटा तिच्यातून जाणवू शकते. तिथे अबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग, पांढऱ्या झिर्कोनियाचे (एक मजबूत सिरॅमिक) घ्यावे. कॅप स्क्रूने बसणारी असेल तर उत्तम. दिशा थोडी चुकली असल्यास स्क्रूचे तोंड २५ अंशांपर्यंत वळवता येणारे भागही मिळतात. सिमेंटनेच बसवावी लागली, तर जोड हिरडीखाली १ मिलिमीटरपेक्षा खोल नसावा, कारण आत अडकलेले सिमेंट काढता येत नाही आणि त्याच्याभोवती हिरडी व हाड सुजत राहते.

टप्पा १२: बसवण्याचा दिवस आणि पुढची देखभाल

बसवण्याआधी कॅप तोंडात नुसती ठेवून, दिवसाच्या उजेडात, घरच्या माणसासह पाहावी आणि मान्य नसल्यास तिथेच सांगावे. चावा तपासताना हलके दात मिटले असता अतिशय पातळ फॉइल इम्प्लांटच्या दाताखालून सरकून निघाली पाहिजे, जोराने मिटल्यावर धरली गेली पाहिजे. नैसर्गिक दात चावताना किंचित दबतात, इम्प्लांट दबत नाही. त्याच दिवशी एक एक्स-रे घेऊन ठेवावा, कारण पुढे हाड घटले की नाही हे त्याच्याशीच ताडायचे असते.

दातांमधले त्रिकोण पहिल्या सहा ते बारा महिन्यांत आणखी भरू शकतात, त्यामुळे बारीक फट दिसली तर लगेच दुरुस्तीचा आग्रह धरू नये. कॅप जरा जरी हलली तर मात्र थांबू नये. कॅपचा सैल स्क्रू घट्ट करणे पाच मिनिटांचे काम असते, तुटलेला स्क्रू काढणे नव्हे. घासताना रक्त येणे, हिरडी दाबल्यावर ओल येणे, किंवा शेजारच्या दातामध्ये नव्याने अन्न अडकू लागणे, ही तिन्ही लक्षणे सहा महिन्यांच्या नेहमीच्या तपासणीची वाट न पाहता दाखवावीत. रात्री दात खात असल्यास संरक्षक पट्टी अंतिम कॅप बसल्यावरच्या मापाने बनवावी, जुनी चालवून घेऊ नये.

घरी जाण्याआधी इम्प्लांटच्या डब्यावरचे चिकटपत्र मागून घ्यावे. त्यावर कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि उत्पादन क्रमांक असतो. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची बनावट आणि तो फिरवण्याचे हत्यार वेगळे असते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या दंतवैद्याला तो स्क्रू उघडायचा असेल, तेव्हा एक्स-रेवरून ओळखण्याच्या खटपटीपेक्षा ते चिकटपत्र कितीतरी उपयोगी पडते. त्याचे छायाचित्र काढून एक्स-रेच्या प्रतीसोबत जपून ठेवावे.